ओले तळवे

प्रार्थनेच्या ऐन मध्यावर एलायनं माझ्या हातातून आपला हात काढून घेतला. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. सगळं चर्च हातात हात घेऊन उभं होतं, बाकांच्या मधल्या वाटेवरूनसुद्धा लोकांनी हात लांबवून पलीकडच्यांचे हात धरले होते. आणि पुढची क्षमेची ओळ सुरू होते न होते तोच माझी डावी मूठ रिकामी झाली. मी मान वळवली नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं ते एवढंच, की माझ्या चौदा वर्षांच्या मुलीनं तळवा झग्याला पुसला, एकदा, दोनदा, आणि मग दोन्ही हात काखेत दाबून ती वेदीवरच्या मेणबत्तीकडे रोखून बघत राहिली. ती मेणबत्ती विझू न देण्याचं काम जसं काही तिच्यावरच सोपवलं होतं. माझ्या उजवीकडे एक अनोळखी म्हातारबुवा होते, त्यांचा हात कोरडा ठणठणीत. डाव्या तळव्यावर मात्र तिचा ओलावा राहिला होता. भिंतीवरचा पंखा फिरत फिरत आमच्याकडे आला आणि तो तळवा गार पडला. हा गारवा माझ्या चांगल्याच ओळखीचा होता. मी पंधरा वर्षांची असताना तो माझ्या दोन्ही हातांवर मुक्काम ठोकून होता.

ओळी म्हणताना माझे ओठ हलत होते, पण मन कधीच बाकावरून उठून गेलं होतं. या वर्षी एलायचा मोठ्या विज्ञान शाळेत नंबर लागला. आम्ही गल्लीभर गोड भात वाटला, माझ्या नवऱ्यानं, रोमुलोनं, चपलांच्या कारखान्यात सगळ्यांना सांगून सांगून कान किटवले, आणि पंधराच दिवसांत पोरीचं पोट सकाळी दुखायला लागलं. आधी अंडं बंद झालं, मग भात, मग नुसतं कोमट दूध, मग तेही नाही. गणवेश घालून ती दारात उभी राहायची आणि दोन बोटं मानेवर ठेवून घड्याळाकडे बघत ठोके मोजायची. “एकशे चौदा,” असं जाहीर करायची, जसं काही मी त्याचं काही करू शकणार होते. आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं, रक्त काढलं, छातीला चिकट तारा लावून कागदावर रेघोट्या काढल्या आणि म्हणाल्या, “हृदय उत्तम आहे. रक्त उत्तम आहे. ही चिंता आहे, आणि या वयात ती तोंडानं न बोलता अंगानं बोलते. सकाळी थोडं तरी खायचं, रोज चालायचं, वेळेवर झोपायचं, आणि दर आठवड्याला शाळेतल्या समुपदेशक बाईंशी बोलायचं. करशील?” एलायनं मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, “बघ मा, मी तेच म्हणत होते, मी आधीच वाचलं होतं.” तिला बरं वाटलं होतं की वाईट, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. बहुतेक दोन्ही. समुपदेशक बाईंकडे ती चार वेळा गेली, सकाळचं केळं खायला लागली, पोट पुष्कळ निवळलं. हात मात्र निवळले नाहीत.

आणि आज माझ्या आईचा ऐंशीवा वाढदिवस. माझ्या थोरल्या भावाच्या, कुया नोलीच्या घरी जेवण, बेचाळीस माणसं, आणि जेवणाआधी मानो. मोठ्या माणसाचा हात आपल्या हातात घ्यायचा आणि आपल्या कपाळाला टेकवायचा, एवढंच. नमस्कारच तो. पण त्यासाठी आधी हात हातात घ्यावा लागतो. आमच्याकडे वाढदिवसाच्या म्हातारीला खुर्चीत बसवतात आणि सगळं खानदान रांगेत उभं राहतं. म्हातारीच्या दोन्ही बाजूंना काका, मावश्या, चुलत आज्या असतातच, म्हणजे एका रांगेत दहा-बारा हात. सकाळी वेणी घालताना एलाय आरशातून मला म्हणाली होती, “मी चर्चला येते. जेवायला नाही येणार.”

“का गं?”

“पोट दुखणार आहे.”

“दुखतंय की दुखणार आहे?”

“मा, सगळे हात पुसतात. मागच्या वेळी मावशीआजीनं माझा हात घेतला आणि लगेच रुमाल काढला. वर मला म्हणते, अरे देवा, मासळी धुऊन आलीस का? सगळे हसले. तूसुद्धा.”

मी हसले होते. खरं आहे. बारा माणसं हसतात तेव्हा तेरावं माणूस हसतं, तशी. ते मला महिनाभर टोचत होतं, आणि सकाळी आरशात तिनं ते इतक्या सरळ म्हटलं की माझ्या हातातला कंगवा तसाच राहिला. मी तिला म्हटलं, चर्चनंतर बघू. पण मला भीती वाटत होती. वाढदिवस चुकला तर चुकला, आईला आता बेचाळिसातली एक कमी आली तरी कळणार नाही. भीती होती ती पुढची. आज ही पोट धरून घरी बसली तर उद्या हे घरी बसणं तिच्या सवयीचं होईल. हे मला कुणी सांगायला नको. मी तीन वर्षं तशी बसले होते.

मी पंधरा वर्षांची होते तेव्हा घर ते शाळा जीपनीनं जायचे. जीपनीत दोन लांब बाकं समोरासमोर, आणि ड्रायव्हरच्या लगेच मागे जो बसेल त्याच्या हातातून सगळ्या गाडीचे पैसे पुढे जायचे आणि सुटे मागे यायचे. “पुढे द्या हं,” म्हणत नाणं हातातून हातात, तळव्यातून तळव्यात. ती जागा मी नेहमी टाळायचे. एका सोमवारी तेवढीच जागा रिकामी होती. पहिलं नाणं माझ्या हातात आलं, मी पुढे दिलं. सुटे आले, मी मागे दिले. आणि ज्या माणसानं ते घेतले, बँकेत-बिंकेत काम करणारा असावा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्यानं नाण्याकडे पाहिलं, मग माझ्या तळव्याकडे, मग बोटं शर्टाला न पुसता हवेत तशीच धरून बसला. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं. माझं हृदय इतकं जोरात धडधडायला लागलं की मला वाटलं, समोरच्या बाकावरच्यांना ऐकू जातंय. मी पुढच्याच वळणावर उतरले आणि नदीकाठानं शाळेपर्यंत चालत गेले. त्या दिवसापासून रोज चालत. घरी सांगितलं की पैसे वाचतात, आणि आईनं ते इतक्या कौतुकानं शेजारणीला सांगितलं की खरं काय ते सांगायची सोयच उरली नाही.

त्याच पावसाळ्यात मी मरणार असं ठरलं. म्हणजे मीच ठरवलं. झोपायच्या आधी छातीवर हात ठेवला की आत कुणीतरी उड्या मारत असायचं, मध्येच एक ठोका चुकायचा, आणि तो चुकलेला ठोका म्हणजे निरोपच अशी माझी खात्री झाली. मी मृत्युपत्र केलं. मखमली फीत मावसबहिणीला, रंगीत पेन्सिली शेजारच्या लहानग्याला, आणि सगळ्या वह्या माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीला, कारण तिचं अक्षर वाईट होतं. वह्या तर जिवंतपणीच देऊन टाकल्या, उगाच मागाहून कुणाला त्रास नको. पुढच्या गुरुवारी मी जिवंत होते आणि भूगोलाची परीक्षा होती. वह्या परत मागताना मैत्रिणीनं विचारलं, “मग दिल्या कशाला होत्यास?” मी म्हटलं, “जड होत होत्या.” आता हसू येतं, तेव्हा त्या वह्या छातीशी धरून घरी येताना मी खरोखर घाबरलेली होते, आणि ते कुणाला सांगायचं असतं हे मला माहीत नव्हतं. कुया नोलीला सांगितलं असतं तर त्यानं गल्लीत दवंडी पिटली असती. आधीच तो आल्यागेल्याला सांगायचा, “आमच्या सेनियांगच्या हातात हात द्यायचा तर आधी पोहायला शिकून या.”

आईला सांगावं लागलं नाही. आई लोकांचे कपडे धुवायची आणि इस्त्री करायची. आठवड्याचे पाच दिवस धुणं, शनिवारी अख्खा दिवस इस्त्री. उशांचे अभ्रे आणि हातरुमाल माझ्याकडे असत. एका शनिवारी मी बाईसाहेबांचा लिननचा रुमाल घडी घालून ठेवला आणि त्यावर माझ्या बोटांचे पाच ओले ठसे उमटले. आईनं रुमाल उचलला, उजेडात धरला, परत इस्त्री फिरवली, आणि मग माझे दोन्ही हात उलटे करून बघितले. “पास्मा,” ती म्हणाली. तेवढंच. तापलेल्या हातांना गार पाणी लागलं की गारठा शिरांत जाऊन बसतो, मग हात थरथरतात, तळव्यांना घाम सुटतो. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं. माझ्या मनात मात्र त्या एका शब्दानं काय झालं म्हणून सांगू. म्हणजे मी भित्री नव्हते, वेडी नव्हते, मरणारही नव्हते. मी हात धुतले होते. चूक पाण्याची होती.

औषधं सुरू झाली. तांदळाच्या धुवणात हात बुडवून झाले. मीठ घातलेल्या कोमट पाण्यात झाले. तिसरं औषध मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. आणि सगळ्यांच्या वर नियम: इस्त्री संपली की हात धुवायचे नाहीत, शिरा निवेपर्यंत कोरड्या पंचात गुंडाळून बसायचं. अर्धा तास. मागच्या पायरीवर आम्ही दोघी बसायचो, आईचे हात एका पंचात, माझे दुसऱ्या. त्या अर्ध्या तासात आम्हाला कुणी काही सांगायचं नाही असा आईनं घरात कायदाच केला होता. बापाला पाणी हवं असेल तर त्यानं स्वतः घ्यावं, कुया नोलीनं भूक-भूक केली तर करू द्यावी. एरवी आईला मी कधी बसलेलं पाहिलं नाही. ती उभ्यानं जेवायची. शनिवारच्या त्या अर्ध्या तासात ती बसायची, खांदे सैल सोडायची, समोरच्या तारेवर वाळणाऱ्या परक्या लोकांच्या चादरींबद्दल बोलायची. कुणाचा नवरा वेगळ्या खोलीत झोपतो ते तिला चादरींवरून कळायचं. मी ऐकत राहायचे. हळूहळू छातीतलं ते उड्या मारणारं खाली बसायचं. आणि पंचा सोडला की तळवे कोरडे असायचे. खरोखर कोरडे! आई ते आपल्या गालाला लावून बघायची आणि म्हणायची, “निवल्या शिरा.” मला पक्कं वाटायचं, पंचाचा गुण आहे.

डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकताना मला तो पंचा आठवला होता. चालणं, बसणं, आठवड्यातून एकदा कुणाशी तरी बोलणं. आईनं नाव चुकीचं सांगितलं, कारण चुकीचं सांगितलं, पाण्याला फुकट बदनाम केलं. औषध मात्र तिच्या नकळत तेच दिलं. पण हे एलायला कसं सांगणार? तिला शास्त्र कळतं. गेल्या बुधवारी मी भाताचं पातेलं घेऊन आईकडे गेले, एलाय बरोबर होती. आईला आता एका डोळ्यानं अजिबात दिसत नाही आणि दुसऱ्यानं उजेड-सावल्या तेवढ्या. म्हणून मी नेहमी आधी तिच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगते आणि मग मानो करते. एलायचा हात हातात आल्याबरोबर आई म्हणाली, “पास्मा झालाय पोरीला.”

“लोला, पास्मा नावाचा आजारच नसतो,” एलाय म्हणाली. आजीला ती लोला म्हणते, आम्ही भावंडं नानाय म्हणतो. “डॉक्टरांच्या एकाही पुस्तकात नाही. मी शोधलंय.”

“पुस्तकं कुठे इस्त्री करतात?” आई म्हणाली.

घरी येईपर्यंत एलाय चिडून होती.

प्रार्थना संपली. पाद्रीबाबांनी एकमेकांना शांती द्या म्हटलं, लोक माना लववून, हात मिळवून, मिठ्या मारून शांती देऊ लागले. एलायनं सगळ्यांना लांबूनच मान लववली, अगदी एखाद्या राजदूतासारखी. उजवीकडच्या म्हातारबुवांनी तिच्यापुढे हात केला तेव्हा ती खाली वाकून चपलेचा बंद बघायला लागली. चपलेला बंद नव्हता. म्हातारबुवांनी हात तसाच पुढे नेऊन माझ्या हातात दिला. मला रडू यायला झालं आणि हसूही, कारण हा बंदाचा प्रकार मीही केलेला होता, कित्येकदा, आणि माझ्याही चपलांना बंद नसत.

बाहेर ऊन होतं. मी म्हटलं, “चल, नदीकाठानं चालत जाऊ.” घरी जायचा रस्ता आणि कुया नोलीचा रस्ता पुलापर्यंत एकच आहे, म्हणून तिनं विरोध केला नाही. काठावर पोरं सायकली शिकत होती, मक्याची कणसं भाजणारी बाई पंख्यानं वारा घालत होती. आम्ही एक कणीस घेतलं आणि अर्धं अर्धं केलं. तिनं पूर्ण अर्धं खाल्लं. असल्या गोष्टी हल्ली माझ्या लक्षात राहतात. थोड्या वेळानं मी म्हटलं, “माझेसुद्धा असेच होते. हात.”

“माहीत आहे. मामा सांगतो ना. पोहायचं वगैरे.”

“आणि मला वाटायचं मी मरणार आहे. वह्यासुद्धा वाटून टाकल्या होत्या.”

ती थांबली. “खरंच? तू?”

“भूगोलासकट.”

मग मी तिला सगळं सांगितलं, जीपनी, पांढरा शर्ट, बाईसाहेबांचा रुमाल, आणि बोलण्याच्या ओघात ते तिसरं औषधही. पाच सकाळी, उठल्याउठल्या, आपलंच, गरम गरम, तांब्यात, त्यात हात बुडवून बसायचं. एलायनं कणसाचा दांडा हातातून टाकला. “मा! शी! शी! आणि तू केलंस?”

“पाच दिवस.”

“आणि त्यानंतर आम्हाला स्वयंपाक करून घातलास!”

“मध्ये बरीच वर्षं गेली गं.”

ती कठड्याला धरून इतकी हसली की सायकलवरची पोरं वळून बघायला लागली. गेल्या कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती. हसून झाल्यावर डोळे पुसत तिनं विचारलं, “मग थांबलं कधी?” खरंच, कधी? चपलांच्या कारखान्यात वरचं चामडं शिवायला लागले तेव्हा होते ओले, मी बोटांना खळीची भुकटी लावून शिवायचे. लग्नात होते, अंगठी सहज गेली, एवढाच काय तो फायदा. एलाय झाली तेव्हा? आठवत नाही. कधीतरी मी हातांकडे बघायची विसरले, आणि मग केव्हातरी ते वाळले. मी तिला तसंच सांगितलं. म्हटलं, “थांबतं की नाही ते नक्की सांगता येत नाही. पण तोपर्यंत मी काय काय घालवलं ते सांगता येतं. तीन वर्षं मी कुणाच्या वाढदिवसाला गेले नाही. माझ्या आजीच्या शेवटच्यासुद्धा.”

पूल आला. डावीकडे आमचं घर, पलीकडे कुया नोलीचं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ती घरी गेली असती, हे मला माझ्या पंधराव्या वर्षावरून माहीत होतं. ती झग्याच्या खिशात हात घालून उभी राहिली, पाण्याकडे बघत. मग म्हणाली, “तू माझ्या पुढे उभी राहा. आणि कुणी हसलं तर तू हसायचं नाही.”

“नाही हसणार.”

“शपथ?”

“तांब्याची शपथ,” मी म्हटलं, आणि ती पुन्हा हसत पूल चढली.

कुया नोलीच्या अंगणात ताडपत्रीचा मांडव होता आणि त्याच्या खाली गाण्याचं यंत्र दणाणत होतं. यंत्रावर माझा नवरा प्रेमभंगाचं गाणं इतक्या मनापासून बेसूर म्हणत होता की कुत्री मांडवाबाहेर गेली होती. टेबलावर पान्सितचं ताट; लांबच लांब शेवया, वाढदिवसाला त्या तोडायच्या नसतात, आयुष्य तुटतं. मधोमध आई वेताच्या खुर्चीत, जांभळा झगा, पावडर, मांडीवर तिचा पंचा. पंचा आता कुठल्याच कामाचा नाही, पण तिला तो लागतो. रांग सुरू झालेलीच होती. आई एकेक हात चाचपून नाव सांगत होती आणि एकजात सगळी चुकत होती. कुया नोलीला तिनं पोस्टमन म्हटलं. त्याच्या बायकोला म्हणाली, “ये ये, नर्सबाई.” एका पणतवाला तिनं माझ्या बापाचं नाव दिलं, तो सहा वर्षांचा. सगळे हसत होते, आईसुद्धा हसत होती, तिला आपण काहीतरी गमतीचं करतोय एवढं कळत होतं. मावशीआजी शेजारच्या खुर्चीत रुमाल घेऊन बसली होतीच.

माझी पाळी आली. मागे एलाय होती. तिचा श्वास मला मानेवर जाणवत होता, भराभर. गाण्याच्या दणदणाटात कानात नाव सांगून उपयोग नव्हता. मी आईचा हात घेतला, कपाळाला लावला. तिनं माझा तळवा धरून ठेवला, अंगठ्यानं चोळला.

“कोण ही?”

“मी, नानाय. सेनियांग,” मी ओरडले.

“छे,” आई म्हणाली. तिनं परत चोळून बघितला, मग अगदी सौम्यपणे माझा हात मला परत दिला. “आमच्या सेनियांगचा हात ओला असतो.”

सगळे पुन्हा हसले. मी शपथ पाळली. खरं सांगते, हसू आलंच नसतं. शेहेचाळीस वर्षांची बाई मी, त्या मांडवात, माझे दोन कोरडे, खडखडीत, बरे झालेले हात घेऊन उभी होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या घामाची आठवण दाटून आली. माझ्या आईनं मला त्यावरून ओळखून ठेवलं होतं. मी बाजूला झाले, कारण मागची माणसं पुढे सरकत होती.

एलाय पुढे आली. तिचा हात खिशातून निघाला, आणि मी बघितलं की तिनं तो पुसला नाही. बहुतेक विसरली. आईनं तो घेतला, आणि घेतल्याबरोबर तिची पाठ सरळ झाली. तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरलं. तळवा गालाला लावला, एकदा या बाजूनं, एकदा त्या.

“ही बघा,” ती म्हणाली, “ही आली माझी सेनियांग.”

आता कुणी हसलं नाही. मावशीआजीचा रुमाल मांडीवरच राहिला. आईनं आपला पंचा उचलला, चाचपत चाचपत एलायच्या दोन्ही हातांभोवती गुंडाळला, आणि तिला खेचून पायाशी स्टुलावर बसवलं. रांग थांबली. कुया नोली म्हणाला, “अगं नानाय, अजून तीस माणसं आहेत, पान्सित गार होतंय.” आईनं त्या पोस्टमनकडे मानसुद्धा वळवली नाही.

“अर्धा तास हिला कुणी काही सांगायचं नाही,” ती म्हणाली.

मग ती खाली वाकली, एलायच्या केसांपाशी तोंड नेलं. गाणं नेमकं तेव्हा संपलं होतं, म्हणून ते सगळ्यांना ऐकू आलं. “इस्त्री झाली ना गं सगळी? हात नाही ना धुतलेस?”

एलायनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पुस्तकात नसलेल्या आजाराबद्दल ती आता काय बोलते म्हणून मी श्वास धरून उभी होते. तिनं पंचातले हात आजीच्या गुडघ्यावर नीट ठेवले, खांदे सैल सोडले.

“नाही धुतले, नानाय,” ती म्हणाली.